आमच्या घरातला सिनेटर

घरात एक पुढारी असला की किस्से साठवावे लागत नाहीत, आपोआप साठतात. अडगळीच्या खोलीसारखं असतं ते. एक परात काढायला दार उघडावं, तर चार डबे अंगावर पडतात! परवा शेवया करायला बायका जमल्या, म्हणाल्या, "काकू, सांगा की आबांचं एखादं!" एखादं सांगायला बसले, तर शेवया वाळल्या तरी मी बोलतेच आहे. बायका हसत होत्या. मला मात्र हसता हसता राग येतो. अजून येतो!

तर ऐका. आटपाट नगर नव्हतं, नीरेकाठची सांगवी होती. राजा नव्हता, आमदार होता. त्यांना सगळा बारामती तालुका आबा म्हणायचा. आबा म्हणजे माझे थोरले दीर. त्यांची बायको, माझी जाऊ, ती अक्का. त्यांचा एकुलता एक विक्रम आणि त्याची बायको रूपाली. त्याच अंगणात पलीकडच्या दारात आबांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे मालक. ते आता नाहीत. मी आहे, माझा संतोष आहे आणि माझी सून अश्विनी आहे. अंगण एक, चुली दोन.

आबांना सगळं मिळालं होतं. सरपंचकी झाली, सभापतिपद झालं, शेवटी मुंबईच्या वरच्या सभागृहाची आमदारकी झाली. एकच गोष्ट मिळाली नव्हती. नातू! रूपालीला दोन मुली, माझ्या अश्विनीला दोन मुली. मग आबांनी ठरवलं, की दोघींपैकी एकीला तिसरं मूल व्हायलाच पाहिजे. ज्योतिषाला विचारलं, गुरवाला विचारलं, कार्यकर्त्यांना विचारलं. ज्यांच्या पोटात वाढायचं त्या दोघींना तेवढं विचारलं नाही!

सगळ्या किस्स्यांच्या मुळाशी हे एकच भांडण आहे.

*

आधी सिनेटर हे नाव कसं पडलं ते सांगते.

माझ्या लेकीचा मुलगा ओंकार अमेरिकेत असतो. एकदा व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "आजी, हितं टीव्हीवर एक म्हातारा सिनेटर सारखा दिसतो. त्याला बघितलं की मला आबाच आठवतात!"

"सिनेटर म्हंजी काय रं?"

"आपल्याकडं वरचं सभागृह असतंय ना, तसल्यातला. एकदा खुर्चीत बसला की उठत नाही. नवीन काही आलं की नाही म्हणतो. बायकांनी कसं राहायचं, मुलं किती व्हायची, सगळं ह्यालाच ठरवायचं असतं. वर म्हणतो, जुनं ते मोडू देणार नाही!"

मी विचारलं, "आन् त्याच्या घरी भाकऱ्या कोण थापतं?"

ओंकार हसायला लागला. "ते काय टीव्हीवर दाखवत नाहीत, आजी."

"मग तुला अर्धाच सिनेटर ठाऊक हाय. उरलेला अर्धा त्याच्या भावजयीला विचार!"

तेव्हापासून घरातली तरणी मंडळी आबांना मागून सिनेटर म्हणायला लागली. मला तर शब्द आवडलाच. उच्चारताना दातावर दात बसतात.

*

नवीन काही आलं की आबा आडवे यायचेच. उसाला ठिबक आलं, तेव्हा गावातली शिकलेली पोरं बैठकीत आली. म्हणाली, "आबा, पाणी वाचतंय, ऊस बी जोमात येतोय."

आबांनी टोपी सारखी केली. "थेंब थेंब पाणी द्यायला ऊस काय सलाइन लावलेला पेशंट हाय?"

शेजारी भिकूतात्या बसलेला. भिकूतात्या म्हणजे आबांचा कार्यकर्ता. आबा काय म्हणणार ते ठाऊक नसतानाही त्याची मान आधीच हलायला लागायची. "बरोबर हाय, आबा!"

आमच्या मालकांनी मात्र गुपचूप आमच्या वाट्याच्या रानात ठिबक केलं. आबांनी सबंध हंगाम भावाशी अबोला धरला. अंगण एक, तरी समोरून आले की तोंड फिरवायचे!

मग ठिबक सगळीकडं झालं. इंदापूरला शेतकऱ्यांचं मोठं शिबिर भरलं. प्रमुख पाहुणे कोण? आबा! माइक हातात घेऊन म्हणाले, "ह्या भागात पहिलं ठिबक माझ्या घरात झालं. लोक हसले. पण मी डगमगलो न्हाय!"

मालक मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होते. घरी आले, पायताण काढलं आणि मला म्हणाले, "एक बरं झालं. घराच्या वाटण्या झाल्या न्हाईत हे आज कळलं."

ते हसले. मी काही हसले नाही. सबंध हंगाम माझ्या नवऱ्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता, ते मी बघितलं होतं.

*

आता जुनं सांगते. मी नवी नवरी होते तेव्हाचं. आबांच्या घरात पद्धत अशी, की थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी थेट बोलायचं नाही. बोलायचं ते अक्काच्या मार्फत. "म्हणावं, भाकरी वाढा." "म्हणावं, मीठ कमी हाय." मी समोर दोन हातांवर बसलेली, आणि निरोप फिरून यायचा!

एकदा आबा जेवत होते. मी चुलीपुढं भाकरी थापत होते. अक्का मागल्या दारी भांडी घासत होती. वाऱ्यानं जाळ बाहेर आला आणि माझ्या पदरानं पेट घेतला. माझं लक्ष तव्यात. आबांनी बघितलं.

बघितलं आणि मान मागल्या दाराकडं वळवली. "अगं ए! म्हणावं, पदर पेटलाय!"

अक्का तिकडून म्हणती, "कुणाचा?"

"तिचा!"

"तिचा म्हंजी कुणाचा?"

एवढ्यात मला चटका बसला. मी पदर पिठाच्या पाण्यात बुडवला. मनगट भाजलं ते भाजलंच. आबांचा हात ताटातच होता. अक्का धावत आली, तर तिला म्हणतात कसे, "मर्यादा असती माणसाला."

इथं संपलं असतं तर मी विसरलेही असते. पण पुढं आबांनी हा किस्सा महिला मेळाव्यात सांगितला! "प्रसंग बाका होता, पण मी मर्यादा सोडली न्हाय. ह्याला संस्कार म्हणतात!" टाळ्या पडल्या. मी बायकांत बसले होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "काकू, मग तिचं काय झालं?" मी तिच्यापुढं मनगट धरलं.

*

माझं माहेर पळसदेव, इंदापूर तालुक्यातलं. उजनीचं पाणी चढलं तेव्हा जुनं गाव खाली गेलं, आणि लोक वर माळावर येऊन राहिले. मी पोर असताना ज्या दारात खेळले, ते दार आता मासे बघतात. जुनं देऊळही पाण्यातच. उन्हाळ्यात पाणी हटलं की आधी शिखर दिसतं, मग हळूहळू सगळं देऊळ वर येतं. मग माणसं गर्दी करतात, फोटो काढतात. माझा थोरला भाऊ, दादा, होडीवर असतो. तो माणसं नेतो, आणतो.

अशाच एका उन्हाळ्यात आबा पक्षाच्या प्रचाराला तिथं गेले. देऊळ लख्ख उघडं पडलेलं. आबांनी समोर बघितलं आणि त्यांना भाषण सुचलं. "ह्या देवळासाठी मी मुंबईत भांडलो! अधिकाऱ्यांना झोपू दिलं न्हाय! आज बघा, देऊळ तुमच्यापुढं उभं हाय!"

सभेत कुणी हसेना, कुणी बोलेना. पाहुण्यांचा मान असतो. माझा दादा तेवढा उठला. हात जोडून म्हणाला, "आबा, लई उपकार झालं. फकस्त एक सांगा. दर पावसाळ्यात बुडवतंय कोण? विरोधी पक्ष?"

आबांनी नंतर मला निरोप दिला. अर्थात अक्काच्या मार्फत. "म्हणावं, तुझ्या माहेरच्यांना बोलायची पोच न्हाय."

मी पण अक्काच्याच मार्फत उलटा निरोप दिला. "म्हणावं, आमचं घर बुडालंय. पोच पण तितंच ऱ्हायली."

*

आता अश्विनीचं. अश्विनी औषधांचा कोर्स केलेली मुलगी. सांगवीच्या स्टँडजवळ तिचं मेडिकल होतं. गाळा आबांच्या नावावरचा, पण बाकी सगळं तिचं. कपाटं तिनं लावली, गिऱ्हाईक तिनं जोडलं. म्हाताऱ्या बायका गोळीआधी तिच्याशी बोलायला यायच्या.

तिला दुसरी मुलगी झाली. आमच्याकडं मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी वाटतात. हे कुणी काढलं देव जाणे! दवाखान्यातून घरी आल्यावर अश्विनीनं संतोषला पेढे आणायला लावले. स्वतः ताट घेऊन आबांच्या बैठकीत गेली. माणसं बसलेली.

आबांनी ताटाकडं बघितलं. "पेढे कशाचे?"

अश्विनी म्हणाली, "खव्याचे, आबा."

भिकूतात्याची मान हलायला लागली होती, ती तशीच थांबली!

आबांनी पेढा घेतला नाही. कार्यकर्त्यांना म्हणाले, "तिसऱ्या वेळंला खाऊ." ते ऐकून मी चौकटीत उभी होते तिथंच तापले. पोरीचं अजून नाव ठेवलं नव्हतं, आणि हे पुढच्याची तयारी करत होते!

*

त्यानंतर थोड्याच दिवसांत इंदापूरला आरोग्याचं शिबिर होतं. आबा पाहुणे. औषधवाल्यांना बोलावलं होतं म्हणून अश्विनी गेली, आणि तिच्या तान्हीला धरायला मी गेले. परतताना आबांच्याच जीपमध्ये जागा होती.

स्टेजवर आबांचं भाषण काय सांगू! "लहान कुटुंब हाच खरा विकास! दोन अपत्यं पुरे! मुलगा मुलगी भेद करणारा माणूस मागासलेला!" डॉक्टर लोक खूश. आबांना शाल, नारळ.

जीप हायवेला लागली. आबा पुढच्या सीटवर. शाल अजून खांद्यावर होती. मागं अक्का, मी, अश्विनी, मांडीवर तान्ही. आबा काचेतून पुढं बघत अक्काला म्हणाले, "म्हणावं, मी नवस बोललोय. पुढच्या वर्षाला फेडायचा हाय."

अश्विनीनं पोरीच्या कानांवर दोन्ही हात ठेवले.

मला राहवलं नाही. मी अक्कालाच म्हटलं, पण आवाज पुढच्या सीटला पोचेल असा ठेवला. "म्हणावं, स्टेजवर दोन आन् जीपमध्ये तीन, असं कसं?"

ड्रायव्हरला ठसका लागला. गाडी बाजूला घ्यावी लागली!

*

पण आबा चेष्टेनं मागं हटणारे नव्हते. अश्विनीनं स्पष्ट सांगितलं, "आम्हा दोघांना दोन मुली पुरेत." संतोष तिच्या बाजूनं उभा राहिला. तेवढा तरी माझ्या पोटचा शोभला!

एके दिवशी सकाळी अश्विनी मेडिकल उघडायला गेली, तर शटरला दुसरं कुलूप. भिकूतात्या समोरच्या टपरीवर चहा पीत बसलेला. म्हणाला, "वैनी, आबांचा निरोप हाय. घराचं ऐकलं तर घराचा गाळा."

ती घरी आली. रडली नाही. ओट्यावर बसून थोरलीच्या वेण्या घालायला लागली. पण वेणी जमत नव्हती, घालायची आणि सोडायची. ते बघितलं आणि माझ्या डोक्यात काय शिरलं कुणास ठाऊक! सबंध आयुष्यात मी आबांच्या बैठकीत पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवशी टाकलं.

माणसं भरलेली. आबांनी सवयीनं दाराकडं बघितलं, अक्का कुठं दिसते का म्हणून. मी म्हटलं, "अक्का न्हाय हितं. माझ्याशीच बोला!"

आबा भिंतीवरच्या फोटोंकडं बघायला लागले.

"बरं, बोलू नका. ऐका. गाळा तुमचा हाय, ठेवा. कुलूप तुमचं हाय, घाला. पर माझ्या सुनेच्या पोटात तुमचा मतदारसंघ न्हाय! तितं तुमचं तिकीट चालायचं न्हाय आन् प्रचार बी चालायचा न्हाय!"

भिकूतात्याची मान हलली. हो म्हणून की नाही म्हणून, ते अजून कुणाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून अश्विनी बारामतीत दुसऱ्याच्या मेडिकलमध्ये नोकरीला जायला लागली. स्कूटीवर जायची, स्कूटीवर यायची. आमच्या गाळ्याचं शटर गंजायला लागलं, आणि तिथून जाताना ती मान वळवत नसे.

*

मग सगळा भार रूपालीवर आला.

रूपाली गरीब स्वभावाची. विक्रम बापापुढं तोंड उघडत नसे. संतोषनं त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "विक्रमदादा, तिसरं झालं की पंचायतीला, जिल्हा परिषदेला उभं राहता येत न्हाय. तुलाबी न्हाय, वैनीलाबी न्हाय. कायदा हाय."

आबांनी ते ऐकलं. "पंचायत? माझा विक्रम पंचायतीला उभा राहणार? अरे, तो थेट विधानसभेत जाणार! तितं हा कायदा न्हाय. कायदे खालच्यांना असत्यात!"

"बरोबर हाय, आबा!"

रूपालीला मुलगा झाला. लेकरू गोड. त्याचा काही दोष नाही, मीच त्याला तेल लावून न्हाऊ घालायची. बाहेर फटाके वाजत होते, डीजे लागला होता, सबंध गाव जेवत होतं. आत रूपाली भिंतीकडं तोंड करून पडली होती. बाळंतपणात तिचे फार हाल झाले होते.

मी विचारलं, "काय दुखतंय, बाय?"

ती म्हणाली, "काकू, समद्यांनी माझं अभिनंदन केलं. पर मला कुणी विचारलंच न्हवतं."

बाहेर डीजेचा आवाज एवढा, की तिला दोनदा सांगावं लागलं.

*

पुढं विधानसभा आली. आबा विक्रमला घेऊन पक्षाच्या मोठ्या नेत्यांकडं गेले. नेते म्हणाले, "मुलगा चांगला आहे. पण लोकांत काम कुठं केलंय? आधी पंचायत समितीतून वर येऊ द्या."

आबा परत आले ते तोंड पाडूनच. तिसऱ्या लेकरामुळं पंचायतीला विक्रम तर बादच. तरी आशा होती, की एखादा लांबचा पाहुणा उभा करू आणि कारभार आपण बघू. तेवढ्यात आरक्षण पडलं. पंचायत समितीचा आमचा गण, म्हणजे मतदारसंघ, महिलेला! पक्षानं कळवलं, तिकीट घरातल्याच बाईला देऊ, बाहेरचं चालणार नाही.

आबा वकिलाकडं बारामतीला गेले. गाडी संतोषनं चालवली, म्हणून हे मला जसंच्या तसं कळलं.

वकील म्हणाले, "आबासाहेब, रूपालीताईंचा अर्ज टिकायचा नाही. तिसरं अपत्य."

भिकूतात्यानं पहिल्यांदाच स्वतःच्या डोक्यानं काढलं. "लपवू की, वकीलसाहेब! पाव्हण्यांचं पोरगं हाय म्हणू!"

वकील उठले. खिडकी उघडली. समोर चौकात बारशापासून कुणी न उतरवलेला भलामोठा बॅनर. पाळण्यातलं बाळ, त्याच्यावर हात ठेवलेले आबा, बाजूला विक्रम, रूपाली आणि दोन्ही मुली. खाली अक्षरं: 'वंशाचा दिवा उजळला! तिसऱ्या रत्नाच्या आगमनाबद्दल आमदार आबासाहेबांचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: भिकूतात्या मित्र मंडळ.'

वकिलांनी विचारलं, "असे किती लावलेत?"

भिकूतात्या खाली बघत म्हणाला, "इंदापूरपर्यंत."

*

त्याच दिवशी दुपारी आबा आमच्या दारात आले. एकटेच. मी गव्हात हात घालून बसले होते. उठले नाही.

अश्विनीला सुट्टी होती, ती घरातच होती. आबांनी चौकटीला धरून तिला विचारलं, "पंचायतीला उभी राहशील का?"

तिनं आधी पाणी आणून दिलं. मग म्हणाली, "आबा, तुम्ही दारात येऊन विचारलंत, बरं केलंत. उभी राहीन. पण त्याआधी असंच रूपालीताईंच्या दारात जाऊन विचारा."

"काय विचारू?"

"त्यांना काय पाहिजे ते."

"बास? गाळ्याचं काय?"

"गाळा मी मागितला नाही."

आबा अंगण ओलांडून गेले. अंगण ते केवढं! पण चालताना बघवत नव्हतं. रूपालीच्या खोलीबाहेर बराच वेळ उभे होते. मग आत गेले. ती काय बोलली, ते तिनंही सांगितलं नाही आणि आबांनीही नाही. एवढंच, की दुसऱ्या आठवड्यात रूपाली बारामतीला गाडी शिकायच्या क्लासला जायला लागली. आणि गाळ्यावरचं कुलूप कुणीतरी काढून नेलं. गंजलेलं शटर संतोषनं आणि विक्रमनं मिळून वर ढकललं. विक्रमच्या हाताला पत्र्यानं कापलं, तरी सोडलं नाही त्यानं.

अश्विनी निवडून आली. लोकांनी मतं आबांना बघून दिली असं भिकूतात्या म्हणतो. औषधं घ्यायला येणाऱ्या म्हाताऱ्या काय म्हणतात, ते मला ठाऊक आहे. सभापतिपदही ह्या वेळी महिलेलाच होतं, आणि सगळ्यांनी मिळून तिलाच सभापती केलं.

पहिल्या मीटिंगला आम्ही सगळे बारामतीला गेलो. गाडी रूपालीनं चालवली. आबांनी कडक इस्त्रीचे कपडे घातलेले, हातात फायलींची पिशवी. पायऱ्यांवर अश्विनीला म्हणाले, "तू नुसती बस. बोलायचं ते मी बोलतो. आजवर असंच होत आलंय."

अश्विनीनं पिशवी त्यांच्या हातातून घेतली. धाकटीचा हात त्यांच्या हातात दिला, थोरलीला त्यांच्या बाजूला उभं केलं. "आबा, आत सदस्यांनाच सोडतात. तुम्ही ह्यांना बघा. धाकटीला तहान लागते सारखी." आणि ती आत गेली. दार लागलं.

मी रूपालीबरोबर समोरच्या बाकावर बसले. आबा पलीकडच्या बाकावर, दोन्ही बाजूंना दोन पोरी. धाकटीनं पाणी मागितलं, आबांनी पाजलं. तिनं ते त्यांच्या इस्त्रीवर सांडलं. थोरलीची क्लिप सुटली, तिनं ती त्यांच्या हातात ठेवली आणि डोकं पुढं केलं. आबा त्या क्लिपकडं नुसते बघत राहिले. मग टोपी काढून बाकावर ठेवली आणि दोन्ही हातांनी क्लिप लावायला लागले.

आतून अश्विनीचा आवाज येत होता. नीट, सावकाश. मधेच एक माणूस मोठ्यानं काहीतरी बोलला. ती थांबली. मग तोच मुद्दा तिनं पुन्हा पहिल्यापासून मांडला.

तेवढ्यात आबांच्या बरोबरीचे एक जुने पुढारी जिना चढून आले. आबांना बघून तिथूनच ओरडले, "अहो आबासाहेब! तुमी बाहेर? आन् ही काय दशा? आत कोण बसलंय मग?"

आबांनी क्लिप दातात धरली होती. ती काढली, आणि बोट ओठांवर ठेवलं.

"हळू बोला. आत आमची सून बोलतीया."